शून्यापाशी वळणारे फ्रिज

वारज्यातल्या लहान मुलांच्या डॉक्टरबाईंचा सकाळी साडेआठला फोन आला तेव्हा मी डबा भरत होते. आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. पुण्यात माणूस चिडून बोलला तर निभावतं. अगदी शांतपणे, 'आपण' लावून बोलायला लागला की आपलं काही खरं नाही. त्या म्हणाल्या, आपल्या कंपनीच्या आजच्या मेलप्रमाणे माझ्या लसींच्या फ्रिजचं सर्वात कमी तापमान मायनस एकशे सत्तावीस आहे. तर माझा दवाखाना वारज्यातच आहे, की रात्रीतून आपण तो अंटार्क्टिकाला हलवलात? हलवला असल्यास पेशंटना कळवावं लागेल.

मी तीनदा सॉरी म्हटलं, फोन ठेवला आणि सेन्सरच्या नावाने एक शिवी हासडली.

मी तेव्हा कर्वे रोडवरच्या एका छोट्या कंपनीत होते. काम सांगायला सोपं. लसी दोन ते आठ अंशांत ठेवायच्या असतात. आम्ही दवाखान्यांच्या फ्रिजमध्ये सेन्सर बसवायचो, तो दर दहा मिनिटांनी तापमान टिपायचा आणि रोज सकाळी सव्वासहाला ते सगळं आमच्या डेटाबेसमध्ये एकेका ओळीत जमा व्हायचं. रोज सकाळी प्रत्येक डॉक्टरला मेल जायची, कालपासून तुमच्या फ्रिजचं सर्वात जास्त तापमान इतकं, सर्वात कमी इतकं. त्यातलं सर्वात कमी शोधणारी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, मी लिहिलेली होती. मोजून तीन ओळी.

सेन्सरची वायर ढिली झाली की तो गप्प बसायचा नाही, मायनस एकशे सत्तावीस असा आकडा पाठवायचा. 'मला काही कळत नाहीये' हे सांगायची त्याची ती पद्धत. आणि सर्वात कमी आकडा शोधणारी क्वेरी नेमका तोच उचलायची. तिचा काय दोष, तिला तेवढंच सांगितलं होतं.

त्या दिवशी ऑफिसला जाऊन मी क्वेरीत एक अट घातली. आकडा शून्यापेक्षा मोठा असेल तरच धर. फक्त एकशे सत्तावीसवाला वगळ, असंही लिहिता आलं असतं. तेवढाच वेळ लागला असता. का नाही लिहिलं, हे मी स्वतःला नंतर इतक्या वेळा विचारलंय की आता उत्तर पाठ झालंय. माझं डोकं फिरलं होतं. त्या बाईंचा टोमणा पुन्हा ऐकायचा नव्हता, बस्स. आणि दुसरं म्हणजे फ्रिजला भीती कशाची, तर लाइट जाण्याची, गरम होण्याची, हे माझ्या डोक्यात घट्ट बसलेलं. आमच्या मेलमध्येसुद्धा आठच्या वर गेलेला आकडा लाल व्हायचा. कमी तापमानाला आम्ही रंगच दिला नव्हता. एप्रिल-मेमध्ये जिथे गच्चीवरच्या टाकीतून उकळतं पाणी येतं, तिथे थंडीला कोण घाबरणार? ऑफिसात कुणालाच ते खटकलं नाही.

अट घातल्यापासून मेल कशा देखण्या जायला लागल्या. कुठे २.३, कुठे १.८, क्वचित कुठे ०.४. टोमणे बंद झाले.

याच सुमाराला माझ्या भावाला मुलगी झाली. भाऊ लोणी काळभोरला एका कॉलेजात शिकवतो, तिथेच राहतो. वहिनी यवतमाळकडची, बोलायला बेताची. बाळ दीड महिन्याचं झालं, पहिलं इंजेक्शन द्यायचं होतं, आणि वहिनीच्या मनात गावातल्या आरोग्य केंद्रात द्यायचं होतं. तिथली सिस्टर चांगली आहे म्हणाली, रोज सकाळ-संध्याकाळ फ्रिजचं तापमान बघून वहीत लिहिते. मी हसले. आई-बाबांसमोर, भावासमोर हसले. वहीत! पेनने! मी म्हटलं, अगं कुठल्या जमान्यात आहात, आमच्या वारज्याच्या डॉक्टरांकडे आण. तिथल्या फ्रिजवर दिवसातून एकशे चव्वेचाळीस वेळा मी स्वतः नजर ठेवते. भावाला ते पटलं. पुढच्या रविवारी दोघं बाळाला घेऊन आमच्याकडे वारज्याला आली. सोमवारी वहिनीने बाळाला मांडीवर धरलं आणि बाईंनी टोचलं. बाळ इतकं रडलं की माझ्याने आत थांबवेना, मी बाहेर चपलांपाशी जाऊन उभी राहिले.

त्यानंतर तीन आठवड्यांनी चाचा ऑफिसात आले. चाचा म्हणजे आमचे फ्रिज दुरुस्त करणारे. मोमिनपुऱ्यात त्यांचं दुकान, वडिलांच्या वेळेपासूनचं. शहरातल्या निम्म्या दवाखान्यांचे फ्रिज त्यांच्या हाताखालून गेलेले. काढून आणलेले सेन्सर परत द्यायला यायचे, चहा घ्यायचे, आणि टेबलावर पडलेली महिन्याच्या तापमानांची कागदं चाळायचे. त्या दिवशी चाळता चाळता थांबले. चष्मा वर केला, एक आकडा बघितला, पान उलटलं, दुसरा बघितला.

"मॅडम," चाचा म्हणाले, "तुमचे फ्रिज फार सभ्य आहेत. शून्यापाशी येतात आणि वळून परत जातात. माझ्याकडे येतात ते असे नसतात."

मला राग आला. कामाबद्दल कुणी बोललं की मला आधी रागच येतो. मी सेन्सर कुठल्या कप्प्यात असतो, बर्फ कुठे साठतो, यावर त्यांना एक व्याख्यान दिलं. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, थर्मोस्टॅट अडकला की कॉम्प्रेसर बंद होत नाही, आणि त्याला काही शून्य वाचता येत नाही. या महिन्यात एका फ्रिजमधून बोटभर जाडीचा बर्फ काढलाय, तुमच्या कागदावर त्याच्यापुढे ०.३ लिहिलंय. असेल बुवा, मी आपला पाना फिरवणारा माणूस. कप धुऊन ठेवला आणि गेले.

मी दुसरं काम काढलं. दहा मिनिटं स्क्रीनकडे बघत बसले, एक अक्षर टाइप झालं नाही. उठले, पाणी प्यायले, परत येऊन बसले. ०.३, ०.४, ०.२. कधीच शून्य नाही. कधीच त्याच्या खाली नाही. शेवटी क्वेरी उघडली, आणि ती अट तिथे होती. सर्वात कमी शोधायला बसवलेल्या क्वेरीला मीच सांगून ठेवलं होतं, की खरोखरच कमी असेल ते बघू नकोस.

लस गरम झाली तर तिचा जोर हळूहळू उतरतो, पण गोठल्या तर काही लसी एका रात्रीत निकामी होतात. बाहेरून काही कळत नाही. बाटली तशीच, रंग तसाच, टोचल्यावर बाळ तितकंच रडणार, घरचे कार्डावर तारीख लिहून घेणार. आणि आत काही नाही. भाचीला ज्या फ्रिजमधली लस टोचली तो शून्याखाली गेला होता का, आणि गेला असेल तर टोचण्याआधी की नंतर, एवढंच मला हवं होतं. बाकी जगाचं नंतर बघू.

मी अट बदलली. फक्त तो एकशे सत्तावीसचा आकडा वगळला आणि गेल्या चार महिन्यांचं मागितलं: प्रत्येक फ्रिज, त्याचं सर्वात कमी तापमान, आणि ते कधी. एंटर दाबला. पाच फ्रिज शून्याखाली गेलेले निघाले. वारज्याचा त्यात होता. उणे २.६. त्याच्यापुढे तारीख आजची, वेळ सकाळी सहा दहा.

आजची! म्हणजे भाचीच्या इंजेक्शननंतर तीन आठवड्यांनी. माझा जीव भांड्यात पडला. मी खाली टपरीवर गेले, चहा घेतला, दोन खारी खाल्ल्या. त्या दहा मिनिटांत कर्वे रोडवर माझ्याइतकी सुखी बाई नसेल. हे लिहिताना लाज वाटते. आज सकाळी गोठल्या असतील त्या लसी आज संध्याकाळी कुणाच्या बाळाला टोचल्या जातील, हे मला दुसरा खारीचा तुकडा बुडवताना आठवलं.

मग मात्र धावत वर आले आणि डॉक्टरबाईंना फोन लावला. सांगितलं, फ्रिजमधलं काही वापरू नका, आज सकाळी सहा दहाला ते शून्याखाली गेलं होतं. बाई म्हणाल्या, माझं घर दवाखान्याच्याच वर आहे, सहाला खाली येऊन मी रोज फ्रिजचा काटा बघते. आजही बघितला. चार होता. सव्वासहाला पुन्हा दार उघडलं तेव्हाही चार होता. आपलं यंत्र पुन्हा अंटार्क्टिकाला गेलंय का?

मी फोन कानाला लावून स्क्रीनकडे बघितलं. बाकीच्या चार फ्रिजपुढची तारीख मी वाचलीच नव्हती. चारही आजच्या. चारही सकाळी सहा दहा. शहराच्या पाच टोकांना असलेले पाच फ्रिज एकाच मिनिटाला गोठतील का? मी बाईंना म्हटलं, परत फोन करते.

ही चूक मी नव्या आलेल्या पोरापोरींना शिकवत असे. फळ्यावर लिहून. समजा शाळेत विचारलं, प्रत्येक वर्गातली सर्वात बुटकी मुलगी किती उंचीची आणि तिचं नाव काय. आमचा जुना डेटाबेस उंची बरोबर सांगायचा, आणि नाव मात्र पटावरच्या कुठल्याही मुलीचं लावून द्यायचा, बहुतेकदा शेवटच्या. तक्रार करायचा नाही. म्हणून आधी सर्वात कमी आकडा काढायचा, मग तो आकडा हातात घेऊन पुन्हा सगळ्या ओळींत जायचं आणि ज्या ओळीत तो आहे ती ओळ उचलायची. तरच आकडा आणि तारीख एका ओळीतले मिळतात. उणे २.६ खरा होता. त्याला चिकटवलेली आजची सकाळ दुसऱ्याच ओळीतली होती. आणि मी तिच्यावर खारी खाऊन आले होते.

क्वेरी तशी नीट लिहून काढली. दोनदा टाइप करताना चुकले, शेजारचा म्हणाला काय झालं, त्याच्यावर उगाच खेकसले. उत्तर आलं. वारज्याच्या फ्रिजसाठी एक नाही, नऊ ओळी आल्या, लागोपाठ. उणे २.६ वर तो फ्रिज जवळजवळ दीड तास बसला होता. तारीख भाचीच्या इंजेक्शनच्या आठ दिवस आधीची. मग मी त्या रात्रीच्या सगळ्याच ओळी काढल्या. एक वाजता शून्याखाली उतरला होता, सकाळी सहानंतर वर आला. त्या सकाळी आमची मेल गेली होती तीही उघडून बघितली. सर्वात कमी ०.४. शून्य ओलांडायच्या आधीचा शेवटचा आकडा, तेवढा मी शिल्लक ठेवला होता.

बाईंना फोन केला तेव्हा त्यांनी मध्ये एकदाही टोमणा मारला नाही. मला वाटत होतं मारावा. त्यांना ती सकाळ आठवत होती. काटा थोडा खाली वाटला म्हणून त्यांनी डायल फिरवला होता, मग मेलमध्ये ०.४ वाचून म्हटलं, असो, जरा गार पडलं. त्या वेळची पेटी अजून अर्धी शिल्लक होती. म्हणाल्या, एक बाटली आज मुद्दाम गोठवते. उद्या दुपारी या.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर दोन बाटल्या होत्या. एक रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवून मग वितळवलेली, आणि एक त्या पेटीतली. बाईंनी दोन्ही एका मुठीत धरून हलवल्या. दोन्ही दुधाळ झाल्या. मग शेजारी शेजारी उभ्या ठेवल्या. चांगली असेल तर ती बराच वेळ दुधाळ राहते, गोठून गेलेली असेल तर पांढरं लवकर तळाशी बसतं आणि वर पाणी दिसायला लागतं. बाहेर एक मूल रडत होतं, कंपाउंडर नंबर पुकारत होता. मी खुर्चीत बसू शकत नव्हते. उठले, भिंतीवरचा बाळांच्या वजनाचा तक्ता वाचला, परत बसले, परत उठले. बाई म्हणाल्या, बाटल्या तुमच्याकडे बघून थांबणार नाहीत, बसा. पंधरा-वीस मिनिटांत मुद्दाम गोठवलेली वरून स्वच्छ झाली. दुसरी तिच्यामागे फार तर मिनिटभर.

बाईंनी रजिस्टर काढलं आणि त्या रात्रीनंतर त्या पेटीतून ज्यांना टोचलं त्यांच्या नावांवर पेन्सिलने खुणा केल्या. पुन्हा टोचल्याने बाळाला अपाय नसतो, म्हणाल्या. टोचलेलं धरायचं नाही, पहिल्यापासून मोजायचं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बाकीच्यांना मी फोन करते. काटा मीही नीट बघितला नाही. आपल्या भाचीच्या घरी मात्र आपण सांगायचं."

ऑफिसात साहेबांचं म्हणणं पडलं की उरलेल्या चार डॉक्टरांना 'आकड्यांमध्ये किरकोळ तफावत' असं कळवू. मी म्हटलं, तफावत नाही, चूक, आणि ती माझी, आणि तसं लिहून चौघांना मेल गेलीय. खरंच गेली होती. पुढे काय व्हायचं ते झालं, त्या कंपनीत मी फार दिवस राहिले नाही, पण त्याचं मला काही नाही.

शनिवारी वारज्याहून स्वारगेटला आले आणि तिथून लोणीची बस धरली. हडपसरला बस अडकली. फोन करून सांगावं का, असं चार वेळा वाटलं, चार वेळा नंबर काढला. काय सांगणार होते? वाक्यं जुळवत होते, आणि प्रत्येक वाक्यात सेन्सर, वायर, थर्मोस्टॅट यांची नावं आधी येत होती. माझं येतच नव्हतं. लोणी आलं तेव्हा मी एकही वाक्य न ठरवता उतरले.

दार उघडलं आणि आतून बाळाचं खोकणं ऐकू आलं. एकदाच. दूध वर आलं असेल, पण मी उंबऱ्यातच थांबले. याच लसीने डांग्या खोकला टळायचा होता. वहिनी बाळाला खांद्यावर घेऊन थोपटत होती. भाऊ बाजारात गेला होता. बरंच झालं, मी उभ्या उभ्याच सांगितलं. माझ्यामुळे झालं, असं पहिलं वाक्य निघालं, मग बाकीचं.

वहिनीने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "टोचून झालंय म्हणून आम्ही तिला लग्नाला घेऊन गेलो, ताई. शंभर जणांनी घेतलं तिला."

मला वाटत होतं तिने ओरडावं. वहीवरून मी हसले होते ते काढावं. तिने बाळाचं तोंड पुसलं, मला पाणी आणून दिलं, आणि विचारलं, बुधवारी सुट्टी मिळेल का. बुधवारी गावात लसीकरण असतं.

बुधवारी मी तिच्याबरोबर आरोग्य केंद्रात गेले. बाकावर दहा-बारा बायका, प्रत्येकीच्या मांडीवर एक गाठोडं. टेबलावर ती वही होती, कोपरे दुमडलेली, दोऱ्याने पेन बांधलेलं. नंबर यायला वेळ होता म्हणून मी ती उघडली. सकाळ, संध्याकाळ, सही. चार, पाच, चार, चार. तीन पानं मागे एका सकाळी लाल पेनने उणे एक लिहिलं होतं, भोवती गोल. पुढे लिहिलं होतं, 'बाटल्या बाजूला काढल्या, तालुक्याच्या दवाखान्यात कळवले.' सिस्टरने मला वाचताना बघितलं.

ती म्हणाली, थर्मोस्टॅट बिघडला होता, खाली गेलेलं दिसलं तर काढल्या बाजूला, लिहिलेलं हाय की तिथं. तिच्या दृष्टीने त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. मी वही होती तशी ठेवली.

आमचा नंबर आला. मी सवयीने दोन पावलं मागे सरकले, दाराकडे. सिस्टरने फ्रिज उघडून काटा बघितला, बाटली काढली, हलवली, सुई भरली. वहिनी स्टुलावर बसलीच नाही. तिने वळून बाळ माझ्या हातात दिलं.

"तुम्ही धरा, ताई," ती म्हणाली. "मागच्या वेळी मी धरलं होतं."

मी बसले. सिस्टर म्हणाली, पाय घट्ट धरा, हलू देऊ नका. मी दोन्ही पाय धरले. बाळ मला ओळखत होतं. सुई आत जाईपर्यंत ते माझ्याकडे बघून हसत होतं.